ओपन सोर्स लायब्ररीत कोड पाठवायचाय? आधी मशीनवर सगळं नीट बसवून घ्या

ओपन सोर्समधलं पहिलं काम बहुतेकांचं कोडमुळे अडत नाही, सेटअपमुळे अडतं. बग कळलेला असतो, कुठली ओळ बदलायची तेही दिसत असतं, पण रेपो (प्रोजेक्टच्या कोडचं भांडार) क्लोन केला, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवला, की टेस्ट चालत नाहीत, चालल्या तर भलत्याच व्हर्जनवर चालतात, मग कसंतरी रेटून पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) टाकली जाते आणि तिच्याखाली नापास तपासण्यांच्या लाल फुल्यांची रांग लागली की माणूस गुपचूप ती बंद करून निघून जातो. म्हणून हा लेख कोडबद्दल कमी आणि कोडच्या आजूबाजूच्या कामाबद्दल जास्त आहे.

उदाहरण पायथन लायब्ररीचं घेतलंय आणि रेपो गिटहबवर आहे असं धरलंय. नोड किंवा रस्टवाल्यांच्या कमांड वेगळ्या असतील पण क्रम साधारण हाच. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. 'डॅश' म्हणजे एक आडवी रेघ, 'डबल डॅश' म्हणजे दोन.

आणि एक हिशोब आधीच डोक्यात ठेवा. बऱ्याच लायब्रऱ्या मोजकी माणसं आपली नोकरी सांभाळून चालवतात, त्यामुळे तिथे कोडचा तुटवडा नसतो, तो तपासायला लागणाऱ्या वेळाचा असतो. खाली जे जे करायला सांगितलंय ते का करायचं असा प्रश्न पडला तर उत्तर जवळपास प्रत्येक वेळी हेच आहे, की त्यामुळे मेंटेनरची, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याची, पाच-दहा मिनिटं वाचतात.

क्लोन करायच्या आधी

कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल शोधा. ती रेपोच्या मुळाशी, डॉक्स फोल्डरमध्ये नाहीतर डॉट-गिटहब फोल्डरमध्ये सापडते. त्यात चार गोष्टी बघायच्या: बदल कुठल्या ब्रँचवर (कोडच्या कुठल्या शाखेवर) हवेत, टेस्ट कशा चालवायच्या, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) नोंद कशी करायची, आणि कुठला करार किंवा साइन-ऑफ (हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे अशी सही) लागतो का. प्रत्येक प्रोजेक्टची पद्धत वेगळी असते, म्हणजे उदाहरणार्थ जँगोचा कोड गिटहबवर आहे पण बगची तिकिटं ट्रॅक नावाच्या वेगळ्या साइटवर असतात, ते न वाचता गिटहबवरच इश्यूचा टॅब शोधत बसलात तर वेळ गेला.

फाईल वाचून झाली की नुकत्याच मर्ज झालेल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलेल्या, पुल रिक्वेस्टी चाळा. खरी पद्धत तिथे दिसते: लोक टेस्ट कुठे टाकतात, कमिटचं (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचं) शीर्षक कसं लिहितात, मेंटेनर कशावर अडून बसतात. 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल बघून लगेच उडी मारू नका, त्या इश्यूला आधीच दोन-तीन पुल रिक्वेस्टी जोडलेल्या असणं फार कॉमन आहे, म्हणून इश्यूचं पान शेवटपर्यंत स्क्रोल करून बघा. बग असेल तर सरळ कामाला लागलं तरी चालतं, पण नवीन फीचर असेल तर आधी विचारा. शंभर ओळी लिहून झाल्यावर 'हे आम्हाला नकोय' ऐकायला कुणालाच आवडत नाही.

(हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या वार्षिक उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये एखादा शब्द इकडचा तिकडे करून पुल रिक्वेस्टींचा पाऊस पाडला होता, शेवटी आयोजकांना नियम बदलून ज्या रेपोंची तयारी आहे तेवढेच सामील करावे लागले. त्यानंतर नवख्या खात्याकडून आलेल्या निरर्थक बदलाकडे मेंटेनर जरा संशयानेच बघतात, त्यात त्यांची चूक नाही.)

फोर्क, क्लोन आणि दोन रिमोट

पासवर्ड टाकून पुश करणं, म्हणजे कोड गिटहबवर ढकलणं, गिटहबने ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केलं, त्यामुळे टोकन किंवा एसएसएच की लागते. की बरी पडते. 'एसएसएच-कीजेन डॅश टी ईडी२५५१९' चालवा, डॉट-पब ने संपणाऱ्या फाईलमधला मजकूर गिटहबच्या सेटिंगमध्ये चिकटवा, आणि 'एसएसएच डॅश कॅपिटल टी गिट ॲट गिटहब डॉट कॉम' टाकून बघा. उत्तरात तुमचं युजरनेम आलं की झालं. सोबत शेल ॲक्सेस मिळत नाही असंही येतं, तो एरर नाही.

मग रेपो फोर्क करा, म्हणजे गिटहबवर तुमच्या खात्यात त्याची प्रत बनते, आणि आपला फोर्क क्लोन करा. रेपो प्रचंड मोठा असेल तर लोक 'डबल डॅश डेप्थ १' लावतात, ते टाळा, कारण मागचा इतिहासच आला नाही तर ब्लेम (कुठली ओळ कुणी कधी बदलली ते) चालत नाही, बायसेक्ट (बग कुठल्या कमिटने आला ते शोधणं) चालत नाही आणि टॅगवरून (कमिटवर लावलेल्या व्हर्जनच्या खुणेवरून) व्हर्जन काढणाऱ्या लायब्रऱ्या गोंधळतात. त्याऐवजी 'डबल डॅश फिल्टर इक्वल्स ब्लॉब कोलन नन' लावा. त्यात सगळा कमिट इतिहास येतो, फक्त जुन्या फाईलींचा मजकूर लागेल तेव्हा ओढला जातो.

आता मूळ रेपो दुसरा रिमोट (गिट जिथून ओढतं आणि जिथे ढकलतं तो पत्ता) म्हणून जोडायचा: 'गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम' आणि पुढे मूळ रेपोचा पत्ता. 'गिट रिमोट डॅश व्ही' टाकलं की चार ओळी दिसल्या पाहिजेत, ओरिजिनच्या दोन ज्यात तुमचं नाव आहे, आणि अपस्ट्रीमच्या दोन ज्यात प्रोजेक्टचं. उलटे दिसले तर आत्ताच सुधारा.

इथे दोन सेटिंग करून ठेवा, फार कमी लोक करतात पण रोजची कटकट जाते. आधी 'गिट फेच अपस्ट्रीम डबल डॅश टॅग्स' चालवा. मग 'गिट ब्रँच डॅश यू अपस्ट्रीम स्लॅश मेन मेन', म्हणजे तुमची मेन ब्रँच थेट मूळ रेपोच्या मागोमाग चालते आणि साधं 'गिट पुल' केलं तरी ताजा कोड येतो. दुसरं 'गिट कॉन्फिग रिमोट डॉट पुश-डिफॉल्ट ओरिजिन', म्हणजे पुश मात्र नेहमी तुमच्या फोर्कवरच जातं. ओढायचं तिकडून, ढकलायचं इकडे. यानंतर गिटहबवर जाऊन 'सिंक फोर्क' चं बटण दाबायची गरजच उरत नाही, आणि मेनवर स्वतःचा कमिट कधीच करायचा नाही हा नियम पाळलात तर ती ब्रँच कायम स्वच्छ राहते.

ते टॅग्स ओढणं बिनमहत्त्वाचं वाटतं पण नाहीये. बऱ्याच लायब्रऱ्यांचं व्हर्जन सेटअपटूल्स-एससीएम सारखं टूल गिट टॅगवरून काढतं, आणि फोर्क सिंक केला तरी नवे टॅग त्यात येत नाहीत. मग लायब्ररी स्वतःला जुनं व्हर्जन समजते, टॅगच नसतील तर ०.१, आणि व्हर्जन तपासणाऱ्या टेस्ट कारण नसताना फुटतात.

जाता जाता त्या रेपोपुरता 'गिट कॉन्फिग युजर डॉट ईमेल' पण सेट करा, नाहीतर ऑफिसचा ईमेल कायमचा सार्वजनिक इतिहासात जाऊन बसतो. स्वतःचा पत्ता उघड करायचा नसेल तर गिटहब एक नो-रिप्लाय पत्ता देतं, तो वापरा.

एन्व्हायर्नमेंट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सिस्टिमच्या पायथनमध्ये काहीही इन्स्टॉल करू नका. डेबियन १२ आणि हल्लीच्या उबुंटूवर तसं करायला गेलात तर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) स्वतःच 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतं, आणि बरंच आहे ते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'पायथन डॅश एम व्हीएनव्ही डॉट-व्हीएनव्ही' चालवा, म्हणजे या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन तयार होतं, आणि ते ॲक्टिव्हेट करा. लिनक्स-मॅकवर ॲक्टिव्हेट स्क्रिप्ट बिन फोल्डरमध्ये असते, विंडोजवर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये.

पायथनचं कुठलं व्हर्जन घ्यायचं ते मनाने ठरवू नका. पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये 'रिक्वायर्स-पायथन' बघा, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे डॉट-गिटहब फोल्डरमधल्या वर्कफ्लोज मध्ये जाऊन सीआय (बदल आला की गिटहबवर आपोआप होणाऱ्या तपासण्या) कुठल्या व्हर्जनांवर चालतं ते बघा, त्यातलं मधलं एखादं घ्या. कालच आलेलं नवंकोरं व्हर्जन घेतलं तर डिपेंडन्सी (लायब्ररीला लागणारी इतर पॅकेजेस) तयार नसतात आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाचे तरी बग सोडवत बसता. खरं तर ही सीआयची फाईल एकंदरीतच वाचण्यासारखी असते. डॉक्युमेंटेशन जुनं होतं, कुणी अपडेट करत नाही, पण सीआयची फाईल दररोज चालते त्यामुळे ती खोटं बोलू शकत नाही. इन्स्टॉल कसं करायचं, कुठलं सिस्टिम पॅकेज लागतं, टेस्टला कुठला फ्लॅग लागतो, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं. कॉन्ट्रिब्युटिंग फाईल एक सांगतेय आणि सीआय दुसरंच करतंय असं दिसलं तर सीआयवर विश्वास ठेवा. (आणि तो फरक दुरुस्त करणं ही एक फर्स्टक्लास पहिली पुल रिक्वेस्ट आहे.)

मग लायब्ररी एडिटेबल मोडमध्ये टाकायची: 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश ई' आणि पुढे अवतरणचिन्हांत डॉट व चौकोनी कंसात डेव्ह. अवतरणचिन्हं विसरू नका, झेडशेल (मॅकच्या टर्मिनलमधलं नेहमीचं शेल) चौकोनी कंसाचा भलताच अर्थ लावतं आणि 'नो मॅचेस फाउंड' म्हणून हात वर करतं. एडिटेबल म्हणजे कोडची कॉपी न करता तुमच्या फोल्डरकडे बोट दाखवलं जातं, त्यामुळे फाईल सेव्ह केली की बदल लगेच लागू, पुन्हा इन्स्टॉल नाही.

इथे एक छुपा खड्डा आहे. त्या कंसातलं नाव प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळं असतं, कुठे डेव्ह, कुठे टेस्ट, कुठे टेस्ट्स, आणि नाव चुकलं तर पिप थांबत नाही, एक पिवळी वॉर्निंग देतं आणि पुढे जातं. शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' येतं, तुम्ही खूश, आणि टेस्ट चालवणारं पायटेस्ट मात्र कुठेच नाही. शिवाय काही प्रोजेक्ट आता डिपेंडन्सी ग्रुप वापरतात, त्यांना पिप २५.१ किंवा नवीन लागतं आणि 'डबल डॅश ग्रुप डेव्ह' असं लिहावं लागतं. रेपोत यूव्ही डॉट लॉक (यूव्ही या पिपसारख्या टूलची फाईल) दिसली तर या भानगडीत न पडता 'यूव्ही सिंक' करा.

नमपाय, सायपाय, पांडाज यांसारख्या सी कोड असलेल्या लायब्रऱ्यांचं प्रकरण वेगळं. त्या मेसॉन नावाच्या टूलने बिल्ड होतात, कंपायलर लागतो, बिल्डची साधनं आधी इन्स्टॉल करून 'डबल डॅश नो-बिल्ड-आयसोलेशन' लावावं लागतं आणि पहिल्या बिल्डला चांगलाच वेळ जातो. पहिल्यांदाच करत असाल तर शुद्ध पायथनची लायब्ररी निवडा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. तुम्ही जो कोड बदलणार आहात तोच इम्पोर्ट होतोय ना? 'पायथन डॅश सी' ने लायब्ररी इम्पोर्ट करून तिचं डंडर-फाईल ('फाईल' च्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोअर) प्रिंट करा. पण हे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून करू नका, कारण डॅश सी चालवताना पायथन चालू फोल्डरही शोधतं, आणि पॅकेज तिथेच पडलेलं असेल तर इन्स्टॉल झालं असो वा नसो उत्तर बरोबरच दिसतं. होम फोल्डरमध्ये जा आणि तिथून चालवा. तुमच्या क्लोनचा पाथ आला तर उत्तम. साइट-पॅकेजेस आलं तर तुम्ही रिलीज झालेलं व्हर्जन चालवताय, आणि तासभर कोड बदलूनही काहीच का फरक पडत नाही म्हणून डोकं धराल.

एक ओळही न बदलता टेस्ट चालवा

स्वच्छ मेनवर 'पायटेस्ट डॅश क्यू' चालवा आणि जे येईल ते फाईलमध्ये साठवून ठेवा. सगळं हिरवं यायलाच हवं असं नाही. इंटरनेट लागणाऱ्या टेस्ट, टाइमझोनवर अवलंबून असलेल्या टेस्ट, तुमच्याकडे नसलेल्या डेटाबेसच्या टेस्ट अशा काही फुटतातच. पण आत्ता कुठल्या फुटतात ते माहीत असेल तर नंतर 'हे माझ्यामुळे झालं का' हा प्रश्न दोन सेकंदात सुटतो.

रोज मात्र सगळ्या टेस्ट चालवत बसायचं नाही. 'डॅश के' देऊन नावाने निवडा, 'डॅश एक्स' देऊन पहिल्या फेलवर थांबा, 'डबल डॅश एलएफ' देऊन फक्त मागच्या वेळी फुटलेल्या पुन्हा चालवा. बदल केल्यापासून निकाल दिसेपर्यंत दहा सेकंदांच्या आत आणता आलं तर काम करायला मजा येते, पाच मिनिटं लागत असतील तर तुम्ही मध्येच मोबाईल उचलता. सगळ्या टेस्ट चालवायला एक्सडिस्ट (टेस्ट एकाच वेळी समांतर चालवणारं प्लगिन) असेल तर 'डॅश एन ऑटो'. टॉक्स किंवा नॉक्स (वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट चालवणारी टूल्स) असेल तर तो पुश करायच्या आधी एकदा.

आता काम: एक बग शेवटपर्यंत

समजा लायब्ररी सीएसव्ही फाईल वाचते आणि इश्यू असा आहे की 'एक्सेलमधून सेव्ह केलेल्या फाईलमध्ये पहिला कॉलम सापडत नाही, बाकीचे सापडतात'. फाईल उघडून बघितली तर कॉलमचं नाव अगदी बरोबर, 'नेम'. प्रिंट केलं तरी 'नेम'. पण रेपर (न दिसणारी अक्षरंही दाखवणारं पायथनचं फंक्शन) करून बघितलं की समोर बॅकस्लॅश यू एफईएफएफ चिकटलेलं दिसतं. हा बॉम, म्हणजे एक्सेल 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात सेव्ह करताना फाईलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट टाकतं ते. डोळ्यांना दिसत नाही पण तुलनेत नाव वेगळं ठरतं.

ब्रँच काढा: 'गिट स्विच डॅश सी फिक्स-बॉम-हेडर अपस्ट्रीम स्लॅश मेन'. स्विच नसेल तर तुमचं गिट ऑगस्ट २०१९ च्या आधीचं आहे, अपडेट करा. एका ब्रँचमध्ये एकच विषय. वाटेत दुसरा बग दिसला तर कुठेतरी लिहून ठेवा, हात लावू नका.

आधी टेस्ट लिहायची. पायटेस्टचा टीएमपी-पाथ फिक्स्चर (टेस्टपुरतं मिळणारं तात्पुरतं फोल्डर) घ्या, त्यात छोटी फाईल बाइट्समध्ये लिहा, आधी ते तीन बाइट, मग 'नेम कॉमा एज', मग डेटाची एक ओळ. लायब्ररीने ती वाचायची आणि पहिल्या कॉलमचं नाव 'नेम' आहे असं असर्ट करायचं. कुणाची तरी खरी एक्सेल फाईल रेपोत टाकू नका. बाइट्स टेस्टमध्येच दिसले की वाचणाऱ्याला बग काय आहे ते तिथेच कळतं. चालवा, फेल झाली पाहिजे, आणि योग्य कारणाने फेल झाली पाहिजे, म्हणजे असर्शनवर, इम्पोर्टच्या चुकीवर नाही.

कोड बदलण्याआधी ती ओळ अशी का आहे ते शोधा. 'गिट ब्लेम' ने बहुतेकदा फॉरमॅटिंगचाच एखादा कमिट हाती लागतो, रेपोत 'डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज' फाईल असेल तर ती 'ब्लेम डॉट इग्नोर-रेव्ज-फाईल' मध्ये सेट करा, मग खरा कमिट दिसतो. आणि इश्यूत 'मागच्या व्हर्जनमध्ये चालत होतं' असं असेल तर बायसेक्टसारखं हत्यार नाही: गिटला एक चांगलं आणि एक वाईट व्हर्जन सांगायचं, 'गिट बायसेक्ट रन' ला टेस्टची कमांड द्यायची, हजार कमिटमधून साधारण दहा फेऱ्यांत दोषी सापडतो. फक्त ती टेस्टची फाईल रेपोच्या बाहेर ठेवा, कारण जुन्या कमिटमध्ये तुमची टेस्ट नसते.

फिक्स एका ओळीचा निघतो, फाईल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' च्या जागी 'यूटीएफ-८-सिग'. वाचताना हे बॉम असेल तर काढून टाकतं, नसेल तर गप्प बसतं. पण लिहिताना हेच एन्कोडिंग दिलं तर ते स्वतःहून बॉम टाकतं! म्हणजे फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे बदललंत तर लायब्ररीने लिहिलेली प्रत्येक फाईल बदलणार. म्हणून फक्त वाचणारं फंक्शन बदला, आणि अजून दोन टेस्ट टाका, बॉम नसलेली फाईल आधीसारखीच वाचली जाते याची आणि लिहिलेल्या फाईलमध्ये बॉम येत नाही याची. युजरने स्वतः एन्कोडिंग दिलं असेल तर त्याला हात लावू नका. अशा कडेच्या केसेस रिव्ह्यूत विचारल्या जातातच, आधीच टेस्टमध्ये दिसल्या तर एक फेरी वाचली.

शेवटी उलट तपासणी: फक्त सोर्स फाईलचा बदल 'गिट स्टॅश पुश' ने बाजूला ठेवा, टेस्ट पुन्हा फुटते का बघा, मग 'गिट स्टॅश पॉप'. फिक्सशिवायही पास होणारी टेस्ट काहीच तपासत नाही, आणि अशा टेस्ट दिसतात त्याहून जास्त असतात.

कमिटच्या आधीची साफसफाई

'प्री-कमिट इन्स्टॉल' एकदाच चालवा, मग दर कमिटला रफ, ब्लॅक वगैरे कोड नीटनेटका करणारं जे काही प्रोजेक्टने ठरवलंय ते आपोआप चालतं. आपल्या मशीनवर वेगळा बसवलेला रफ चालवू नका, व्हर्जन वेगळं असेल तर तो वेगळंच फॉरमॅट करेल. प्री-कमिटच्या कॉन्फिगमध्ये व्हर्जन पक्कं केलेलं असतं.

आणि एडिटरचं 'सेव्ह केलं की फॉरमॅट कर' हे बंद करा किंवा प्रोजेक्टच्या सेटिंगप्रमाणे चालतंय याची खात्री करा. एका ओळीच्या फिक्ससोबत तीनशे ओळींचा रिकाम्या जागांचा डिफ (बदललेल्या ओळींचा फरक) गेला तर मेंटेनरला खरा बदल त्यात शोधावा लागतो, आणि तो शोधणार नाही. विंडोजवर हाच घोळ ओळींच्या शेवटांमुळे होतो, पूर्ण फाईल बदललेली दिसते, तेव्हा 'कोअर डॉट ऑटो-सीआरएलएफ' तपासा. 'गिट डिफ डबल डॅश स्टॅट' मध्ये अनोळखी फाईल दिसली की थांबायचं. 'गिट ॲड डॉट' ची सवय सोडून 'गिट ॲड डॅश पी' लावा, एकेक तुकडा दाखवून विचारतं, त्यात विसरलेली प्रिंट स्टेटमेंट हमखास सापडतात. स्वतःच्या एडिटरच्या फाईली प्रोजेक्टच्या गिटइग्नोरमध्ये टाकू नका, त्यासाठी डॉट-गिट मधल्या इन्फो फोल्डरात एक्सक्लूड नावाची फाईल आहे.

चेंजलॉगचं विसरू नका. काही प्रोजेक्ट टाउनक्रायर वापरतात, तिथे मुख्य चेंजलॉगला हात लावायचा नसतो, न्यूज किंवा तत्सम फोल्डरमध्ये इश्यू नंबर आणि प्रकार नावात असलेली एक-दोन ओळींची फाईल टाकायची असते. ती नसेल तर सीआय लाल होतं.

कमिट मेसेजची पहिली ओळ छोटी, साधारण पन्नास अक्षरांत, मग एक ओळ रिकामी, मग का बदललं ते. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. 'फिक्सेस' आणि हॅशचं चिन्ह लावून इश्यू नंबर लिहिला की मर्ज झाल्यावर इश्यू आपोआप बंद होतो. साइन-ऑफ लागत असेल तर 'गिट कमिट डॅश एस'. करारावर सही लागत असेल तर बॉट सांगतो, पण नोकरीत असाल तर ऑफिसचे नियम आधी बघून घ्या.

पुश, पुल रिक्वेस्ट आणि त्यानंतरचं

'गिट फेच अपस्ट्रीम', मग 'गिट रिबेस अपस्ट्रीम स्लॅश मेन', म्हणजे तुमचे कमिट ताज्या मेनवर पुन्हा रचले जातात. कॉन्फ्लिक्ट आला आणि काही सुचेना तर 'गिट रिबेस डबल डॅश अबॉर्ट', सगळं होतं तिथे परत. आधी पुश केलेली ब्रँच रिबेस केली तर पुन्हा ढकलायला फोर्स लागतो, पण नुसता फोर्स नाही, 'डबल डॅश फोर्स-विथ-लीज'. मधल्या काळात मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर काही टाकलं असेल तर हा अडवतो, नुसता फोर्स सरळ पुसून टाकतो. फक्त त्याच्या आधी सवयीने फेच ओरिजिन करू नका, तसं केलं की त्याला वाटतं तुम्ही ते कमिट पाहिलेत. सीपायथनसारखे (म्हणजे खुद्द पायथनचा कोड) काही प्रोजेक्ट मात्र रिव्ह्यू चालू असताना फोर्स पुश करू नका असं सांगतात, मर्ज करताना ते स्वतःच स्क्वॉश करतात, म्हणजे सगळे कमिट एकात गुंडाळतात.

पुल रिक्वेस्टमध्ये तीन गोष्टी पुरतात: काय बिघडलं होतं, कसं दुरुस्त केलं, आणि काय मुद्दाम केलं नाही. आपल्या उदाहरणात 'लिहिण्याच्या फंक्शनला हात लावलेला नाही कारण तिथे यूटीएफ-८-सिग दिलं तर बॉम आपोआप जोडला जातो' ही एक ओळ रिव्ह्यूतला हमखास प्रश्न आधीच मिटवते. टेम्प्लेट असेल तर पुसू नका. 'अलाऊ एडिट्स बाय मेंटेनर्स' चालू ठेवा. अर्धवट काम दाखवायचं असेल तर ड्राफ्ट.

पहिल्यांदाच पाठवताय तर सीआय लगेच चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. लोक फोर्कमधून क्रिप्टो मायनिंगचे उद्योग करायला लागल्यावर गिटहबने २०२१ पासून नवख्यांच्या वर्कफ्लोला मेंटेनरची परवानगी सक्तीची केली. परवानगी कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि ती मिळून लगेच लिंटवर (कोडच्या शैलीच्या तपासणीवर) लाल झालं की पुढची परवानगी पुन्हा कधीतरी. म्हणूनच वर लोकल टेस्टचा एवढा आग्रह.

लाल झालं तर लॉगमधला पहिला एरर वाचा, शेवटचा नाही. मेनही लाल आहे का बघा, असेल तर तुमचा दोष नाही. फक्त विंडोजवर फुटत असेल तर पाथमधले स्लॅश, ओळींचे शेवट, किंवा एन्कोडिंग न देता उघडलेली फाईल यातलं काहीतरी असतं.

रिव्ह्यूला उत्तर देताना प्रत्येक कमेंटला एक ओळ तरी लिहा, 'केलं' एवढंही चालतं. पटलं नाही तर कारण द्या, भांडण होत नाही. छोट्या दुरुस्त्यांसाठी 'गिट कमिट डबल डॅश फिक्सअप' वापरा आणि शेवटी 'गिट रिबेस डॅश आय डबल डॅश ऑटोस्क्वॉश' ने गुंडाळा. एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर प्रोजेक्टची त्याबद्दलची पॉलिसी आधी वाचा, काही ठिकाणी सांगावं लागतं, काही ठिकाणी चालतच नाही. आणि चालत असलं तरी प्रत्येक ओळ का आहे ते तुम्हालाच विचारलं जाणार, त्यावर एआयचंच उत्तर चिकटवलं की मेंटेनरचा रस तिथेच संपतो. काहीच उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा, दर दोन दिवसांनी नाही.

वाट बघताना दुसरं काम घ्यायचं असेल तर 'गिट वर्कट्री ॲड' ने दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसरी ब्रँच उघडा, पण तिथे वेगळं व्हीएनव्ही करा, कारण एडिटेबल इन्स्टॉल एकाच फोल्डरकडे बोट दाखवतं आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये बसून पहिल्याच कोडच्या टेस्ट चालवल्या जातात.

मर्ज झालं की 'गिट स्विच मेन', 'गिट पुल', आणि ब्रँच काढून टाका. 'गिट ब्रँच डॅश डी' बऱ्याचदा नकार देतं, ब्रँच मर्जच झाली नाही म्हणतं, कारण स्क्वॉश झाल्यावर मेनवरचा कमिट वेगळा असतो. खात्री करून कॅपिटल डी लावा. 'गिट पुश ओरिजिन डबल डॅश डिलीट' ने फोर्कवरची पण काढा. रिलीज यायला कधीकधी महिने जातात, तोपर्यंत स्वतःच्या कामात तो फिक्स हवा असेल तर पिपला 'गिट प्लस एचटीटीपीएस' ने सुरू होणारा मूळ रेपोचा पत्ता द्या आणि शेवटी ॲट लावून कमिटचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक) लिहा, नुसतं मेन लिहिलं तर उद्या दुसराच कोड येईल.